पटोला पारखायला शिकताना

लग्नसराईच्या दिवसांत पुण्यामुंबईतल्या साड्यांच्या दुकानात 'पटोला दाखवा' असे म्हटले, की विक्रेता गादीवर पाच-सहा साड्या भराभर उलगडतो आणि त्या सगळ्यांना तो पटोलाच म्हणतो. त्यांत छापील कृत्रिम रेशीम असते, तेलंगणातील पोचमपल्ली असते, राजकोटची साडी असते. गुजरातमधील पाटणचा पटोला मात्र बहुधा नसतो. आमच्या घरातही एक साडी 'पाटणची' म्हणून कित्येक वर्षे जपली गेली होती. एकदा पदराच्या टोकाशी सुटलेले दोन धागे मी भिंगाखाली धरले आणि ती पाटणची नव्हे, हे दोन मिनिटांत कळले. साडी उत्तमच होती, परंतु नाव चुकीचे होते आणि किंमत त्या चुकीच्या नावाची मोजली गेली होती. पटोल्याकडे नव्याने वळणाऱ्यांना ही पारख स्वतःच्या डोळ्यांनी करता यावी, म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो तोच क्रम येथे देत आहे. घाई नसेल, तर हाच क्रम पाळावा.

पहिली पायरी: शब्द नीट लावून घ्या

कापडावर रंग बसू नये म्हणून काही जागा बांधून, मेणाने किंवा चिखलाने झाकून ठेवायच्या आणि मग रंगवायचे, ही युक्ती अनेक देशांत आढळते. आपल्या ओळखीची बांधणी याच कुळातली. पण बांधणीत आधी कापड विणले जाते आणि मग त्याला गाठी मारून ते रंगवले जाते. पटोल्यात गाठी कापडाला नव्हे, तर विणण्यापूर्वी धाग्यालाच मारतात. अशा बांधून रंगवलेल्या धाग्याच्या विणकामाला जगभर 'इकत' म्हणतात. तो शब्द 'बांधणे' या अर्थाच्या मलय शब्दावरून आला आहे. पैठणीचा येथे काही संबंध नाही, कारण पैठणीतील मोर आणि कमळ हे वेगवेगळ्या रंगांचे धागे मागावर गुंफून उमटवले जातात, तिथे बांधून रंगवणे नसते. हा फरक किरकोळ वाटतो, पण 'पैठणी पटोला' अशी जोडनावे बाजारात ऐकू येतात तेव्हा तो आठवावा.

इकताचे प्रकार तीन. फक्त ताण्याचे, म्हणजे उभे धागे बांधून रंगवले, तर तो ताण्याचा एकेरी इकत. फक्त बाण्याचे, म्हणजे आडवे धागे रंगवले, तर बाण्याचा एकेरी इकत. आणि दोन्ही रंगवून ती दोन्ही नक्षी एकमेकींवर अचूक बसवत विणले, तर दुहेरी इकत. पाटणचा पटोला हा रेशमातील दुहेरी इकत होय. 'जगात दुहेरी इकत फक्त पाटणलाच होतो' असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही: तेलंगणातील पुट्टपाका येथील तेलिया रुमाल आणि बालीतील तेंगनान गावचे गेरिंगसिंग हे दोन्ही सुती दुहेरी इकत आहेत, आणि जपानमध्येही हे तंत्र आहे. पाटणचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी हा खोटा दावा करण्याची मुळीच गरज नाही.

गुजरातीत एक नग असेल तर 'पटोळुं' आणि अनेक असतील तर 'पटोळां' म्हणतात. मराठीत आपण सरसकट पटोला म्हणतो. नक्षीला तिकडे 'भात' हा शब्द आहे. मराठी कानाला त्यामुळे ताटाची आठवण होईल, पण पुढे हाच शब्द वापरणे सोयीचे आहे, कारण पाटणला गेल्यावर तोच ऐकू येतो.

दुसरी पायरी: कागदावर एक चौकट रंगवून पाहा

हा अर्ध्या तासाचा उद्योग केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. आलेखाच्या कागदाच्या सहा उभ्या आणि सहा आडव्या अरुंद पट्ट्या कापा. एका वेगळ्या कागदावर सहा बाय सहा घरांची साधी नक्षी काढा, समजा तांबड्या जमिनीवर एक पांढरा चौकोन. आता प्रत्येक उभ्या पट्टीवर त्या स्तंभातील रंग आणि प्रत्येक आडव्या पट्टीवर त्या ओळीतील रंग उतरवा, आणि मग चटई विणतात तशा त्या एकमेकींत विणा. पहिल्या प्रयत्नात चौकोन वाकडा येईल, कारण एखादी पट्टी अर्ध्या घराने सरकलेली असेल, आणि त्या सीमेवर कुठे तांबड्यावर पांढरा, कुठे पांढऱ्यावर तांबडा असा मिश्र पट्टा दिसेल.

छत्तीस घरांत ही गत होते. पाटणचे विणकर पाच-साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद कापडात हत्ती, पोपट आणि नाचणाऱ्या स्त्रिया अशाच रीतीने बसवतात, तेही केसासारख्या धाग्याने.

तिसरी पायरी: धागा कसा तयार होतो ते समजून घ्या

कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकासारखा थर असतो. अनेक पदर एकत्र पिळून धागा तयार केल्यावर तो उकळून हा थर काढून टाकतात, म्हणजे धागा मऊ होतो आणि रंग आतपर्यंत शिरतो. मग ताण्याचे धागे साडीच्या लांबीइतके ताणून त्यांच्या जुड्या करतात. नक्षी जिथे पुन्हा पुन्हा येते तिथे त्या पुनरावृत्तीचे धागे एकाच जुडीत घेतले जातात, त्यामुळे एकदा बांधले की अनेक जागा एकाच वेळी झाकल्या जातात. या जुड्यांवर नक्षीच्या आलेखाप्रमाणे खुणा करून, ज्या जागी रंग नको त्या जागी सुती दोरा घट्ट गुंडाळतात. बाण्याच्या धाग्यांचेही असेच, फक्त त्यांचा हिशोब साडीच्या रुंदीचा असतो.

त्यानंतर रंगाची बुडी. एका रंगात बुडवून वाळवले, की काही गाठी सोडायच्या, काही नव्या मारायच्या आणि पुढच्या रंगात बुडवायचे. रंग एकावर एक चढतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी: हळदीच्या पिवळ्यावर नीळ चढली की हिरवा मिळतो, तांबड्यावर चढली की काळपट जांभळा. म्हणून कोणती गाठ कधी सोडायची याचा क्रम चुकला, तर तो दुरुस्त करता येत नाही. परंपरेने लाख, मंजिष्ठा, नीळ, हळद, डाळिंबाची साल, कात असे रंग आणि ते पक्के बसावेत म्हणून तुरटी वापरत. पुढे रासायनिक रंग आले, आणि अलीकडच्या दशकांत पाटणमध्ये पुन्हा नैसर्गिक रंगांकडे वळण्याचे प्रयत्न झाले आहेत. दोन्ही प्रकारचे पटोले आज मिळतात. रासायनिक रंगाचा पटोला खोटा ठरत नाही, पण किंमत सांगताना विक्रेत्याने हे स्पष्ट केले पाहिजे.

एका साडीचे धागे बांधून रंगवण्यातच तीन-चार महिने जातात, आणि विणकाम त्याच्या पुढचे.

पाटणचा माग पाहिला नसेल, तर तो डोळ्यांसमोर आणणे अवघड आहे, कारण तो सपाट नसतो, एका बाजूला कललेला असतो. त्यावर दोन विणकर शेजारी शेजारी बसतात. एकाने धोटा सरकवला की दुसरा तो घेतो आणि आडवा धागा ताण्यावर ठेवून दोघेही त्याची नक्षी ताण्याच्या नक्षीशी जुळली का ते पाहतात. धागा ठोकून बसवण्यासाठी शिसवीची तलवारीसारखी लांब पट्टी असते, तिला 'वी' म्हणतात. आठ-नऊ इंच विणून झाले, म्हणजे साधारण दिवसभराचे काम झाले, की ताण्याचा ताण सैल करतात आणि सुईच्या टोकाने एकेक आडवा धागा किंचित इकडे, किंचित तिकडे ओढून हत्तीची सोंड किंवा पानाचे टोक जागेवर आणतात. पटोल्याची खरी किंमत या सुईच्या कामात आहे, असे मला वाटते. बांधणी चोख असूनही सुई निष्काळजी फिरली, तर नक्षी पुसट होते.

चौथी पायरी: कापड हातात घेऊन तपासा

साडी टेबलावर सपाट पसरा. साडी नेसल्यावर काठ आडवा फिरतो, त्यामुळे 'उभा धागा' कोणता याचा नेहमी गोंधळ होतो. काठाला समांतर, लांबीच्या दिशेने जाणारा तो ताणा आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारा तो बाणा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

प्रथम मागची बाजू पाहावी. छापील साडीची मागची बाजू फिकी असते. यंत्रमागावर नक्षी उठवलेल्या साडीच्या मागे लोंबते धागे किंवा उलटे रंग दिसतात. इकताच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. येथे नवखे लोक थांबतात आणि 'दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे पाटणचा' असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे, कारण एकेरी इकतही दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. ही परीक्षा फक्त छपाई बाद करते.

मग नक्षीच्या कडा पाहाव्यात, शक्यतो भिंगातून. इकताची कड सुरीने कापल्यासारखी नसते; रंग बदलतो तिथे बारीक पिसासारखे दात असतात. बाण्याच्या एकेरी इकतात हे दात फक्त बाण्याच्या दिशेने निघतात आणि काठाला समांतर असलेल्या कडांवर दिसतात, तर दुसऱ्या दिशेच्या कडा नीटस असतात. ताण्याच्या एकेरी इकतात याच्या उलट. दुहेरीत दोन्ही दिशांना दात असतात, पण ते इतके तोकडे असतात की हातभर अंतरावरून नक्षी रेखीवच वाटते. कुठेच दात नसतील, तर ते इकत नव्हे.

तिसरी परीक्षा पांढऱ्या रंगाची, आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. दुहेरी इकतात पांढऱ्या जागी ताणाही पांढरा आणि बाणाही पांढरा, म्हणून तो पांढरा स्वच्छ असतो. तांबड्यावर तांबडा आल्याने तांबडाही तसाच भरीव. बाण्याच्या एकेरी इकतात ताणा एकाच रंगाचा असतो, समजा तांबडा, तर पांढऱ्या जागेवर त्याची गुलाबी झाक पडते आणि साडी तिरपी धरून उजेडात हलवली, की सगळ्या नक्षीतून तो एकच रंग धूपछावेसारखा चमकून जातो. आमच्या घरच्या साडीत पोपट पांढरे होते, पण निऱ्यांच्या घडीत ते लालसर दिसत. इतकी वर्षे आम्ही त्याला जुनेपणाचा परिणाम समजत होतो.

शेवटी धागा. पदराच्या टोकाला दशा असतील किंवा कडेला एखादा धागा सुटलेला असेल, तर दोन्ही दिशांचा एकेक धागा पाहावा. दोन्हींवर ठरावीक अंतराने रंग बदलत असतील, तर दुहेरी. एकावर बदलत असतील आणि दुसरा सलग असेल, तर एकेरी. आणि धाग्यावर रंगाचे ठिपके असून मधे मधे, जिथे तो दुसऱ्या धाग्याखाली दबला होता तिथे, तो कोराच असेल, तर ती छपाई. रेशमाबद्दल शंका असेल, तर असा एखादा सुटा धागा जाळून पाहावा: रेशमाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. अर्थात दुकानदाराला विचारल्याशिवाय कोणाच्या साडीचा धागा उपसू नये.

पाचवी पायरी: भाती ओळखा

भातींची नावे एकदम पाठ करण्यात अर्थ नाही. सुरुवातीला चार ओळखता आल्या तरी पुष्कळ. नारीकुंजर भातीत स्त्री आणि हत्ती आळीपाळीने येतात, बरोबर पोपट किंवा फुले असतात. दुकानात 'पटोला' म्हणून सर्वाधिक खपणारी नक्कल याच भातीची असते. पानभातीत पिंपळपानासारखे पान. छाबडी भातीत वर्तुळाकार टोपलीत आठ पाकळ्यांसारखी रचना. रतनचोक म्हणजे चौकटींची भूमितीय जाळी. यांशिवाय फूलवाडी, नवरत्न, वाघकुंजर, रास अशा भाती भेटतील.

भात आणि नेसणारी माणसे यांचे नाते जुने आहे. हिंदू आणि जैन घरांत हत्ती, पोपट, स्त्रिया अशा आकृती चालत, तर बोहरा समाजासाठी आकृत्या टाळून विणलेली भूमितीय आणि फुलांची भात त्यांच्याच नावाने 'वोरागजी' म्हणून ओळखली जाते. म्हणून जुना पटोला हातात आला, तर तो कोणत्या घरातून आला असावा याचा अंदाज भातीवरून बांधता येतो.

छाबडी भातीची कथा मात्र गुजरातच्या बाहेर जाते. पटोला शतकानुशतके गुजरातच्या बंदरांतून इंडोनेशियाच्या बेटांवर जात असे. सतराव्या-अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीने हा व्यापार मोठ्या प्रमाणावर केला. जावाच्या दरबारात त्याला 'चिंदे' म्हणत आणि तो मानाचे वस्त्र मानला जाई. जावाच्या पेकालोंगान भागातील 'जलांप्रांग' नावाची बाटिकची नक्षी ही छाबडी भातीवरूनच आली आहे. आणखी एक गमतीची गोष्ट अशी, की त्याच बाजारासाठी गुजरातेतच सुती कापडावर ठशांनी पटोल्याच्या नकला छापल्या जात. म्हणजे नकली पटोल्याचा धंदा कित्येक शतकांचा आहे आणि त्याचा मूळ पत्ताही गुजरातचाच आहे.

सहावी पायरी: पाटणला जा

शक्य असेल, तर खरेदीच्या आधी एकदा पाटणला जावे. अहमदाबादहून मेहसाणामार्गे हे अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर आहे, आणि वाटेत मोढेऱ्याचे सूर्यमंदिर पाहता येते. पाटणमध्ये राणी की वाव ही अकराव्या शतकातील पायऱ्यांची विहीर आहे. युनेस्कोने 2014 मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश केला. तिच्या भिंतींवर देवतांच्या मूर्तींमधून कोरलेले भूमितीय पट्टे थांबून पाहावेत, कारण रतनचोकासारख्या भाती पाहून आलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतात. विहिरीच्या रस्त्यावरच साळवी कुटुंबाचे पटोल्याचे संग्रहालय आहे, तिथे चालू माग पाहायला मिळतो. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालयही पाहण्यासारखे आहे, मात्र तिथे आधी नोंदणी करावी लागते.

पाटणचे पटोला विणणारे ते साळवी, आणि त्यांची परंपरा मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. बाराव्या शतकातील सोळंकी राजा कुमारपाल पूजेला रोज नवा पटोला नेसत असे, आणि हे पटोले जालन्याहून येत. तिथला राजा ते आधी स्वतःच्या बिछान्यावर अंथरून मग विकतो, असे कळल्यावर कुमारपालाने सातशे साळवी कुटुंबे जालन्याहून आणून पाटणला वसवली, असे सांगतात. सातशे हा आकडा आणि बिछान्यावर अंथरलेल्या पटोल्यांची गोष्ट दंतकथेच्या खात्यात ठेवावी. परंतु आज बियाणे आणि लोखंडी सळ्यांसाठी ओळखले जाणारे जालना हे आपले मूळ गाव, असे पाटणचे विणकर स्वतः सांगत आले आहेत. आपल्याकडच्या 'साळी' या शब्दाशी साळवीचे साम्य उघड आहे, मात्र कोकणातल्या साळवी आडनावाशी नाते जोडण्याची घाई करू नये.

सातवी पायरी: विकत घेताना

पाटणचा पूर्ण दुहेरी रेशमी पटोला साधारण दीड-दोन लाखांच्या खाली मिळत नाही आणि भातीप्रमाणे किंमत कित्येक लाखांवर जाते. चार-पाच माणसांचे पाच-सहा महिने लक्षात घेतले, तर त्यात आश्चर्य नाही. विणणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यामुळे मागणी नोंदवून दीर्घकाळ थांबावे लागते. पंधरा हजारांत 'पाटणचा अस्सल' मिळत असेल, तर तपासणीसुद्धा करण्याची गरज नाही.

राजकोटच्या पटोल्याला कमी लेखू नये. तिथले काम मुख्यतः बाण्याच्या एकेरी इकताचे असून ते विसाव्या शतकात वाढले. अलीकडे तिथे दुहेरीही विणतात. पहिली साडी म्हणून चांगली एकेरी राजकोट किंवा पोचमपल्ली घेणे, आणि ती आपल्या खऱ्या नावाने घेणे, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. वापरता वापरता डोळा तयार होतो.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सिल्क मार्कची चिठ्ठी केवळ धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढेच सांगते, आणि हँडलूम मार्क कापड हातमागाचे आहे एवढेच. साडी एकेरी की दुहेरी, पाटणची की आणखी कुठली, हे त्यांतून कळत नाही. पाटण पटोल्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याची खूण मागावी. बिलावर 'पाटण, दुहेरी इकत, शुद्ध रेशीम' आणि रंग नैसर्गिक की रासायनिक, हे लिहून घ्यावे. 'पटोला साडी' एवढ्याच शब्दांचे बिल कोणत्याही साडीला लागू पडते, आणि आमच्या घरच्या बिलावर नेमके तेवढेच शब्द होते.

जुना पटोला घ्यायचा असेल, तर रंगापेक्षा घडी तपासा. 'पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि', पटोल्यावर पडलेली नक्षी फाटेल पण विटणार नाही, अशी गुजराती म्हण आहे. तिचा शेवट ऐकून लोक हुरळतात, पण तिच्यात 'फाटे' हा शब्दही आहे. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या रेषेवर चिरते. साडी उजेडासमोर धरून घडीच्या रेषांतून प्रकाश येतो का, ते पाहावे.

आठवी पायरी: सांभाळ

पटोला घरी धुऊ नये; रेशमाचे काम जाणणाऱ्याकडे ड्रायक्लीनिंगला द्यावा. अत्तर नेसण्यापूर्वी लावावे, नेसल्यावर फवारू नये. ठेवताना धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, आणि हँगरवर टांगून ठेवू नये. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. दर दोन-तीन महिन्यांनी साडी काढून सावलीत तासभर पसरावी आणि दुसऱ्या जागी घडी पाडून ठेवावी. कुठे चीर गेलीच, तर चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये. त्याच रंगाचा मलमलीचा तुकडा खालून ठेवून, बारीक सुईने रेशमी धाग्याचे सैल टाके घालून तो भाग आधाराला बांधावा आणि मग रफूगाराला दाखवावा.